बारा फूट उंचीचा नकाशा

आमच्या गाडीची उंची बारा फूट. लांबी पंचवीस, रुंदी आठ फुटांच्या वर, बाहेरचे आरसे धरले तर आणखी. मागच्या चाकांमागे शेपूट किती लोंबतं, भरलेल्या गाडीचं वजन किती चालतं, स्वयंपाकाच्या गॅसची टाकी कुठल्या अंगाला आहे, सगळं सांगेन. झोपेतून उठवून विचारा! साठी उलटल्यावर लोकांना भजनाचा नाद लागतो, बागेचा लागतो, शेअर बाजाराचाही लागतो. मला एका अवाढव्य गाडीसाठी बिनधोक रस्ता शोधायचा नाद लागलाय. आणि हे इतकं मजेचं असतं हे आजवर कुणी मला सांगितलं कसं नाही, एवढ्या एकाच गोष्टीचा राग आहे.

लेक-जावई न्यू जर्सीत राहतात. आम्ही दोघं उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो तर त्यांचा बेत तयारच होता: यलोस्टोन. विमानाने नाही, हॉटेलं करत मोटारीनेही नाही, तर आरव्हीने. आरव्ही म्हणजे अमेरिकन लोकांचं चाकांवरचं घर. फोर्ड ई-४५० च्या चासीवर बांधलेली, भरून १४,५०० पौंडांपर्यंत, म्हणजे साडेसहा टनांची गाडी. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग, मागे एक, मध्ये शेगडी, फ्रिज, बेसिन, आणि हो, संडास-बाथरूमसुद्धा. कामांची वाटणी झाली. जावई चालवणार. लेक मुक्कामांची बुकिंगं करणार. नवरा सल्ले देणार, ते तो न सांगताही देतोच. मग जावई म्हणाला, “आई, तुम्ही रेल्वेतल्या. नकाशा तुमच्याकडे.”

त्याने ते गमतीने म्हटलं असेल. मी नाही घेतलं गमतीने.

माझी नोकरी मध्य रेल्वेत, ऑपरेटिंगच्या कार्यालयात झाली. तिथे कधीमधी ओडीसीची फाइल यायची. ओव्हर डायमेन्शनल कन्साइनमेंट, म्हणजे वाघिणीच्या मापाबाहेर जाणारा माल. एखादा प्रचंड ट्रान्सफॉर्मर, एखाद्या कारखान्याचा बॉयलर. असं धूड रुळावरून न्यायचं तर आधी त्याच्या मापाचा कागद निघतो. मग वाटेतला एकेक पूल, एकेक बोगदा, फलाटाची कड, वरची विजेची तार, कुठे किती इंच मोकळे उरतात ते तपासायचं, वेग ठरवायचा आणि मगच मंजुरी. मी त्या फाइली कंटाळून पुढे ढकलल्यात. आणि आता न्यू जर्सीतल्या जेवणाच्या टेबलापाशी बसून मला एकदम लख्ख दिसलं, की अहो, हे घर म्हणजे ओडीसी आहे! आणि ओडीसीचं ऑफिस मी एकटीच आहे!

आधी फोनवर रस्ता काढला. फोनला मी कुठून कुठे जाणार ते सांगता येतं, टोल नको म्हणून सांगता येतं. माझी उंची बारा फूट आहे हे सांगायची जागा मला त्यात काही सापडली नाही. त्याच्या लेखी मी एक चपटी मोटार. आरव्हीवाल्यांसाठी वेगळे जीपीएस मिळतात, त्यांत गाडीची मापं भरता येतात. जावयाने तसा एक आणलाही. पण माझा जीव जडला तो कागदी पुस्तकावर. रँड मॅकनॅलीचा ‘मोटर कॅरियर्स रोड अॅटलस’. हा ट्रकवाल्यांचा नकाशा. ट्रकला मोकळे असलेले रस्ते त्यात ठळक रंगवलेले आहेत, आणि त्याआधी पानंच्या पानं बारीक अक्षरातल्या याद्या: अमुक राज्य, तमुक रस्ता, गावाचं नाव, पुलाखालची उंची इतके फूट इतके इंच. मी ती यादी रात्री अंथरुणात पडून वाचायला लागले. नवरा म्हणाला, लोक कादंबऱ्या वाचतात. म्हटलं, यातल्या प्रत्येक ओळीत कुणाचं तरी छप्पर उडालेलं असणार, याहून कादंबरी ती काय असते?

पहिली गंमत अशी कळली की आडव्यातिडव्या अमेरिकेत एक साधी शिस्त आहे. १९५६ च्या कायद्याने आयझेनहॉवरने जे इंटरस्टेट रस्त्यांचं जाळं सुरू केलं, त्यात सम आकड्यांचे मोठे रस्ते पूर्व-पश्चिम, विषम आकड्यांचे दक्षिण-उत्तर. पश्चिमेला आणि दक्षिणेला आकडे लहान, तिकडून पूर्वेला आणि उत्तरेला वाढत जातात. म्हणून आय-५ पॅसिफिकच्या बाजूला आणि आय-९५ आमच्या न्यू जर्सीत. आय-१० खाली मेक्सिकोच्या आखाताकडे आणि आय-९० पार वर, बॉस्टनपासून सिअॅटलपर्यंत. एकदा हे डोक्यात बसलं की वाट चुकली तरी दिशा चुकत नाही. आणि या जाळ्यावर गावाबाहेर पुलाखालची उंची सोळा फूट ठेवायचा नियम आहे. पूर्वेकडच्या राज्यांत ट्रकची कायदेशीर उंची साडेतेरा फूट. आपण बारा. म्हणजे इंटरस्टेटवर आहोत तोवर डोक्याची काळजीच नको! धोका सुरू होतो तो आपण खाली उतरलो की. पेट्रोल भरायला, दूध आणायला, कुणाच्या तरी घरी जायला, किंवा फोन ‘सात मिनिटं वाचतील’ म्हणून सांगतो तेव्हा.

त्या सात मिनिटांत काय होऊ शकतं ते पाहायचं असेल तर नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावचा ग्रेगसन स्ट्रीटवरचा रेल्वे पूल पाहा. रेल्वेचा पूल, म्हणजे माझ्या माहेरचाच! उंची होती ११ फूट ८ इंच. जवळच्या एका इमारतीतून त्याच्यावर कॅमेरा रोखलेला असतो आणि त्या चित्रफिती जगभर लोक बघतात. भाड्याचा ट्रक ऐटीत येतो, पुलाखाली शिरतो, आणि वरचा पत्रा अख्खाच्या अख्खा मागे गुंडाळला जातो. पुलाला धक्का लागू नये म्हणून रेल्वेने अलीकडे जाडजूड लोखंडी तुळई बसवलेली आहे. ट्रक आपटतात ते तिच्यावर. मग तिथे उंची मोजणारं यंत्र आणि सिग्नल आला, उंच गाडी दिसली की दिवा लाल होतो आणि ‘वळा’ अशी पाटी उजळते. तरी आपटतातच! रस्ता खोल करावा तर खालून सांडपाण्याची मोठी वाहिनी गेलेली. शेवटी २०१९ मध्ये रेल्वेने पूलच आठ इंच उचलला. आता उंची १२ फूट ४ इंच, आणि अजूनही अधूनमधून कुणीतरी आपटतंच. आमची गाडी तिथून जाऊ शकेल, चार इंच राखून. पण मंजुरी माझ्या हातात आहे आणि मी ती देणार नाही.

आपल्याकडे विजेच्या तारांमुळे रेल्वे फाटकाच्या दोन्ही अंगांना लोखंडी हाइट गेज उभं असतं, ४.६७ मीटरचं. उसाची ट्रॉली असो की गवताचा ट्रक, आधी त्याच्याशी गाठ. आयुष्यभर मी त्याच्याकडे नुसती कमान म्हणून पाहिलं. आता पुढच्या वेळी दिसलं तर थांबून नमस्कार करीन.

न्यूयॉर्क आणि कनेटिकटमधल्या पार्कवेंची गोष्ट तर याहून चमत्कारिक. दिसायला इतके देखणे रस्ते, दुतर्फा झाडी, दगडी कमानींचे बुटके पूल, आणि ट्रकला सक्त मनाई. १९२०-३० च्या काळात हे रस्ते मोटारवाल्यांनी रविवारी रमतगमत फिरावं म्हणून झाले. लाँग आयलंडच्या पार्कवेंचा कर्ताधर्ता रॉबर्ट मोझेस. त्याच्या १९७४ सालच्या चरित्रात रॉबर्ट कारो यांनी लिहिलं, की बसने येणारी गरीब माणसं समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचूच नयेत म्हणून ते पूल मुद्दाम बुटके ठेवले. हे कितपत खरं यावर इतिहासकारांचा वाद चालू आहे. मला निवाडा करता येणार नाही. पण पुलाच्या उंचीत कुणाला येऊ द्यायचं आणि कुणाला नाही हे लिहून ठेवता येतं, ही कल्पनाच मला रात्रभर पुरली. आमच्यापुरता अर्थ सरळ होता: ज्या रस्त्याच्या नावात पार्कवे, तिथे आधी चौकशी.

आणि मग बाल्टिमोर. माझी मावसबहीण व्हर्जिनियात असते, पहिला मुक्काम तिच्याकडे. न्यू जर्सीहून तिथे जायचं म्हणजे आय-९५ धरायचा आणि सुटायचं, यात बघण्यासारखं काय आहे, असं सगळ्यांचं मत. मी मात्र बोट ठेवून ठेवून बघत चालले होते, आणि बाल्टिमोरशी आय-९५ बंदराच्या पाण्याखालच्या बोगद्यात शिरतो. बोगद्याची उंची आम्हाला पुरते. पण गॅस! दहा पौंडांहून मोठ्या टाकीतला प्रोपेन घेऊन या बोगद्यात शिरायला बंदी आहे, आणि शेजारच्या आय-८९५ च्या बोगद्यातही. आमच्या घराच्या पोटात शेगडी-फ्रिजसाठी त्याच्या कितीतरी पट प्रोपेन. चहाच्या गॅसमुळे रस्ता बदलतो! मी अक्षरशः टाळी वाजवली. उंचीचा नकाशा वेगळा, वजनाचा वेगळा, तसा गॅसचाही वेगळा.

मग असल्या गाड्यांनी जायचं कुठून? पूर्वी सरळ उत्तर होतं: आय-६९५ या वळसा रस्त्याने फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून. २६ मार्च २०२४ च्या रात्री ‘डाली’ नावाच्या मालवाहू जहाजाची वीज गेली, ते पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल काही सेकंदांत पाण्यात कोसळला. पुलावर रात्रपाळीला खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. जहाजावरचे बहुतेक सगळे खलाशी भारतीय होते, ते पुढे कित्येक आठवडे त्या अडकलेल्या जहाजावरच होते. ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली होती. पण पूल पडला म्हणजे आरव्हीवाल्यांची आणि ज्वालाग्राही माल नेणाऱ्या टँकरांची हक्काची वाट गेली, हे नकाशावर बोट फिरवताना कळलं. आता आय-६९५ च्या पश्चिमेच्या अर्ध्या वर्तुळाने, शहराला लांबचा वळसा घालून जायचं. मी वहीत लिहिलं: “बाल्टिमोर, पश्चिमेकडून. हट्ट करू नये.” जावयाने ती ओळ वाचून मोठ्यांदा हसून घेतलं आणि निमूट पश्चिमेकडून गाडी काढली.

व्हर्जिनियानंतर आय-७०, आय-७४, आय-८० असं मक्याच्या शेतांतून चाललो. या भागाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, मका आहे. एक मात्र सांगितलंच पाहिजे. आयोवात वॉलकॉट गावाशी ‘आयोवा ८०’ नावाचा ट्रक थांबा आहे, स्वतःला जगातला सर्वांत मोठा म्हणवतो. शेकडो ट्रक ओळीने उभे, आत दाताचा डॉक्टर, न्हावी, अंघोळीच्या खोल्या, कपडे धुवायची सोय, मोठं उपाहारगृह, पलीकडे जुन्या ट्रकांचं संग्रहालय. मी माझा अॅटलस छातीशी धरून हिंडत होते. चहाच्या रांगेत पुढे एक सरदारजी. अमेरिकेच्या ट्रकिंगमध्ये पंजाबी माणसं पुष्कळ आहेत हे ऐकून होते. माझ्या हातातलं पुस्तक बघून त्यांना इतकी गंमत वाटली, की त्यांनी मला बाकावर बसवून सगळा पश्चिम भाग समजावला. “बहनजी, ऊँचाई तो किताब में मिल जाएगी. हवा किताब में नहीं मिलती. वायोमिंग में सुबह-सुबह निकलना.”

हवा! हा आणखी एक नकाशा, आणि हा रोज बदलणारा. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स या टप्प्यात आय-८० एल्क माउंटनच्या कुशीतून जातो. जुना यूएस-३० रस्ता उत्तरेकडून मेडिसिन बोवरून वळसा घालून जायचा. नवा आय-८० डोंगराशी सरळ काढायचं ठरलं तेव्हा तिथल्या जुन्या गुराख्यांनी सांगितलं होतं, की तिथून नेऊ नका, वारा आणि हिमवादळं माणसाला उभं राहू देत नाहीत. १९७० च्या ऑक्टोबरात रस्ता उघडला आणि काही दिवसांतच हिमवादळाने बंद पडला. आजही हिवाळ्यात तिथे फलक लागतात, की हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद. हलकी आणि उंच, म्हणजे कोण? आमचं घर! पत्र्याची बारा फुटी भिंत आणि तिच्यावर आडवा वारा. वायोमिंगच्या रस्ते खात्याच्या नकाशावर वाऱ्याचा वेग टप्प्याटप्प्याने दिसतो, आणि बऱ्याच राज्यांत ५११ फिरवलं की रस्त्याची हालहवाल कळते. परतीला आम्ही त्याच टप्प्यातून, सरदारजींचं ऐकून, उजाडताच निघालो. तरी लॅरमी येईपर्यंत जावयाच्या दंडाला रग लागली होती.

पण माझ्या नोकरीचं सार्थक झालं ते जाताना, बिगहॉर्न पर्वतापाशी.

साउथ डकोटात आय-९० वरून ब्लॅक हिल्सपर्यंत आलो, माउंट रशमोर पाहिला. तिथल्या कस्टर उद्यानातल्या नीडल्स हायवेवर दगडात कोरलेले बोगदे आहेत, त्यांतला नीडल्स आय जेमतेम आठ फूट रुंद आणि दहा फुटांहून बुटका. बारा फुटी घराने तिकडे फिरकायचंही नाही. आम्ही घर कॅम्पग्राउंडवर ठेवलं आणि एक छोटी मोटार भाड्याने घेऊन गेलो. बोगद्यात दोन्ही बाजूंना हात लावता येईल इतका दगड जवळ! इथून पुढे यलोस्टोनला जायचं तर मध्ये बिगहॉर्न आडवा पडलेला आहे, आणि तो ओलांडायला तीन रस्ते. यूएस-१४, यूएस-१४ए आणि यूएस-१६. फोनने पटकन एक निवडून दिला. अंतरांत फरक फारसा नाही. फोनच्या पडद्यावर तिन्ही रेघा सारख्याच निळ्या.

तेव्हा मी दुसरं पुस्तक काढलं, ‘माउंटन डायरेक्टरी’. हे फक्त चढ-उतारांचं पुस्तक आहे. कुठल्या खिंडीत किती टक्के उतार, किती मैल, वळणं कशी. मला सांगा, असलं पुस्तक जगात आहे हे मला कळलं तेव्हा काय वाटलं असेल! १४ए चा पश्चिमेकडचा, लव्हेल गावाकडे जाणारा उतार: दहा टक्के.

दहा टक्के म्हणजे किती, हे मोटारवाल्याला चटकन उमगत नाही. रेल्वेवाल्याला उमगतं. टक्क्याचं आम्ही गुणोत्तर करतो. दहात एक. दहा फूट पुढे गेलात की एक फूट खाली. आता आपला बोरघाट बघा. १८६३ साली गाडी सुरू झाली तो घाट, कर्जतहून लोणावळ्याला चढताना आजही गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. त्याचा चढ सदतीसात एक, म्हणजे पावणेतीन टक्केसुद्धा नाही. माथेरानची फुलराणी, ती बिचारी नागमोडी वळणं घेत घेत धापा टाकत चढते, तो चढ विसात एक, पाच टक्के. आणि इथे त्याच्या दुप्पट, साडेसहा टनांचं घर घेऊन, मैलोगणती, खाली! मी सगळ्यांना पुस्तक दाखवलं. नवरा तर लोणावळ्याचं नाव निघाल्याबरोबर गप्प झाला, त्याला घाट ठाऊक आहे.

रेल्वे आणि रस्ता मिळून-मिसळून गेल्याचा मला झालेला आनंद कसा सांगू! बोरघाटात उतरणाऱ्या गाडीसाठी कॅच सायडिंग असतं. मुख्य रुळाला फुटलेला, चढावर जाणारा एक फाटा. सांधा नेहमी त्या फाट्याकडे लावलेला. गाडी अलीकडे नीट थांबली, ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झालं, तरच सांधा बदलून पुढचा रस्ता मिळतो. ब्रेक गेलेली गाडी आपसूक फाट्यावर चढते आणि चढावर थांबते. अमेरिकेतल्या मोठ्या उतारांवर ट्रकसाठी अगदी हेच: कडेला चढणीवर नेलेली, जाड खडीने भरलेली पट्टी. ब्रेक जळालेल्या ट्रकने तिच्यात घुसायचं, खडीत चाकं रुततात आणि गाडी थांबते. फरक एवढाच की आमच्याकडे फाटा तुम्हाला ओढून घेतो, इथे ड्रायव्हरने त्याच्याकडे वळायचं धैर्य करायचं.

मग ठरलं यूएस-१६. आरव्हीवाल्यांमध्ये हा तिघांतला सगळ्यांत सोशीक रस्ता म्हणून नावाजलेला आहे. बफेलो गावातून चढायचं, पावडर रिव्हर खिंड ओलांडायची आणि टेन स्लीपच्या घळीतून उतरायचं. खिंडीची उंची ९,६६६ फूट. कळसूबाईच्या पावणेदोनपटीहून जास्त उंचीवर, एका बेसिन-शेगडीच्या घरात बसून मी पोहे करत होते, म्हणजे गाडी उभी असताना, कुणी गैरसमज करून घेऊ नका. खिडकीतून बर्फाचे चट्टे दिसत होते.

उतरण्याआधी मी बाहेर काढली ती वही. ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा, हा जुना नियम. आपल्या घाटांतही ‘गाडी न्यूट्रलमध्ये उतरवू नका’ अशा पाट्या असतातच. आमच्या गाडीला टो-हॉल नावाचं बटण होतं, ते दाबलं की गाडी आपणहून खालच्या गियरला राहते आणि इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, ब्रेक तापतो आणि तापला की धरत नाही. वेग वाढला की एकदाच ठाम दाबायचा, वेग पाचेक मैलांनी उतरवायचा, पाय काढायचा. इंजिनला काम करू द्यायचं. जावई दाबत होता आणि सोडत होता, इंजिन घुमत होतं, आणि बाहेर टेन स्लीपच्या घळीत पिवळसर, राखी कड्यांच्या भिंती आमच्या दोन्ही बाजूंनी उंच होत चालल्या होत्या. मागे चार मोटारी जमल्या की रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत थांबून त्यांना पुढे सोडायचं. त्या मोटारींतली माणसं हात करत गेली. मी प्रत्येकाला हात केला. खाली उतरून थांबलो तेव्हा जावयाने चाकाजवळ हात नेऊन पाहिला आणि म्हणाला, “आई, ब्रेक थंड आहेत.” माझ्या नोकरीत मला कुणी प्रशस्तिपत्र दिलं नाही, पण हे वाक्य मी तसंच घेतलंय.

पुढे ग्रेबुल, कोडी आणि पूर्वेच्या दरवाज्याने यलोस्टोन. यलोस्टोनबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी लिहीत नाही. गवे रस्त्यावर येतात आणि त्यांना उंची-रुंदीचे नियम लागू नसतात एवढं सांगते.

एक हिशेब मात्र मला उशिरा उमगला आणि तो सगळ्या पुलांहून मोठा निघाला: माणसाचा थकवा. आरव्हीवाल्यांचा तीन-तीन-तीनचा नियम आहे. दिवसाला तीनशे मैलांच्या वर जायचं नाही, दुपारी तीनपर्यंत मुक्कामाला पोचायचं, आणि एके ठिकाणी तीन रात्री राहायचं. तिसरा तीन आम्हाला सुट्टीमुळे जमला नाही. पण पहिले दोन मी चढ-उताराइतकेच कडक पाळायला लावले, कारण अंधारात अनोळखी कॅम्पग्राउंडवर पंचवीस फुटांचं घर मागे घ्यायचं म्हणजे काय, ते शेजारच्या एका कुटुंबाचं पाहिलं. नवरा-बायको दोघं टॉर्च घेऊन परस्परविरोधी हातवारे करत होते आणि मधल्या झाडाला काही कळत नव्हतं.

आता पुण्यात परत आलेय आणि टेबलावर मोंटानाचा नकाशा पसरलाय. ग्लेशियर नॅशनल पार्कातला ‘गोइंग टू द सन’ रस्ता. नाव ऐकूनच मी खलास झाले. १९३३ साली खुला झालेला, कड्याला चिकटून लोगन खिंडीत ६,६४६ फुटांवर जाणारा. आणि नियम काय सुंदर! खिंडीच्या टप्प्यात बंपरांसकट एकवीस फुटांहून लांब गाडी नाही, आरशांसकट आठ फुटांहून रुंद गाडी नाही, आणि दहा फुटांहून उंच असाल तर पश्चिमेला उतरताना वरचे खडक डोक्याला लागतील अशी तंबी. लांबी, रुंदी, उंची, तिन्हींत आम्ही नापास! म्हणजे घर खाली ठेवून तिथल्या जुन्या लाल बसने जायचं. व्हाइट कंपनीच्या १९३० च्या दशकातल्या बसगाड्या त्या, कापडी छत गुंडाळून आकाश उघडं करणाऱ्या. किंवा मग घरच लहान घ्यायचं, व्हॅनच्या आकाराचं. लेकीला कालच फोन केला. ती म्हणाली, तसं मिळतं, पण त्यात पलंग एकच असतो. नवऱ्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, की तुम्ही सगळे आत झोपा, मी बाहेर तंबू ठोकतो, त्याला उघड्यावर छान झोप लागते. आरशांसकट आठ फुटांचं गणित अजून बसायचंय, म्हणून मी ग्रिझली अस्वलांचा विषय काढलेला नाही.